७ नोव्हेंबर : एक तारीख, तीन तपस्वी

(विद्यार्थी दिवसानिमित्त एका शाळेच्या विज्ञान मंडळात एका निवृत्त विज्ञान-शिक्षकाने केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



आजच्या कार्यक्रमाचे निमंत्रण देण्यास आलेल्या विद्यार्थ्यांनी मला सांगितले की, आमच्या वर्गातील दोघांचा वाढदिवस आज, म्हणजे ७ नोव्हेंबरलाच आहे, आणि हा मोठा विलक्षण योग आहे. मी त्यांना म्हटले, विलक्षण वाटतो खरा, परंतु गणिताला विचारा. एका खोलीत अवघी २३ माणसे जमली, तरी त्यांपैकी कोणा दोघांची तरी जन्मतारीख एकच असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते. ५० माणसे जमली, तर ती ९७ टक्क्यांवर जाते. तुमच्या वर्गाचा पट साठाचा. तेव्हा असा योग जुळून आला नसता, तरच नवल करायचे!

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, आज मी ज्या तीन शास्त्रज्ञांविषयी बोलणार आहे, त्यांचाही वाढदिवस आजचाच. मादाम मेरी क्यूरी यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, वॉर्सातला. लीझ माइटनर यांचा ७ नोव्हेंबर १८७८ चा, व्हिएन्नातला. आणि आपले सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीजवळच्या तिरुवानैक्कावलचा. त्यातही एक गंमत आहे. माइटनर यांच्या जन्माच्या नोंदवहीत तारीख १७ नोव्हेंबर अशी सापडते. परंतु बाकी सर्व कागदपत्रांत आणि त्यांच्या स्वतःच्या सांगण्यात ती ७ आहे, आणि वाढदिवसही त्या ७ तारखेलाच साजरा करीत. म्हणजे तारीख कशी बेभरवशाची गोष्ट आहे, ते पाहा. या तिघांना मोठे केले, ते तारखेने नव्हे. मग कशाने केले, हे शोधण्यासाठी आपण त्यांच्या आयुष्यात थोडे डोकावणार आहोत.

नकाशावर नसलेल्या देशाची कन्या

मेरीचा जन्म झाला, तेव्हा पोलंड नावाचा देश जगाच्या नकाशावर उरला नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी तो आपसांत वाटून घेतला होता, आणि वॉर्सावर रशियन झारचा अंमल होता. शाळेत रशियन भाषेची सक्ती. वडील गणित आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक. मुलगी दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. विद्यापीठाची दारे मुलींना बंद होती. तेव्हा वॉर्सात एक गुप्त विद्यापीठ चालत असे. त्याचे वर्ग आज एका घरात, उद्या दुसऱ्या घरात भरत, म्हणून लोक त्याला 'उडते विद्यापीठ' म्हणत. मेरी तेथे शिकली. पुढे थोरली बहीण ब्रोन्या हिच्याशी तिने करार केला : तू आधी पॅरिसला जाऊन डॉक्टर हो, मी नोकरी करून तुला पैसे पाठवीन, मग तू मला बोलाव. त्यानुसार काही वर्षे तिने परक्यांच्या घरी त्यांच्या मुलांची शिक्षिका म्हणून काढली, आणि त्या गावातील शेतकऱ्यांच्या मुलांना फावल्या वेळात पोलिश लिहावाचायलाही शिकवले. मातृभाषा शिकवणे हा तेव्हा गुन्हा होता, हे ध्यानात घ्या.

१८९१ मध्ये ती पॅरिसला पोचली. दोन वर्षांत पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत पहिली आली. १८९५ मध्ये प्येर क्यूरी यांच्याशी विवाह झाला. पुढच्याच वर्षी हेन्री बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून निघणारे अदृश्य किरण आढळले, आणि मेरीने आपल्या प्रबंधासाठी तोच विषय घेतला. तिची विचारपद्धती विद्यार्थ्यांनी नीट पाहावी. तिने मोजून पाहिले, तेव्हा असे दिसले की किरणांची तीव्रता केवळ युरेनियमच्या मात्रेवर अवलंबून असते. ते ओले असो, कोरडे असो, कोणत्या संयुगात असो, फरक पडत नाही. अर्थात हा गुण संयुगाचा नव्हे, खुद्द अणूचा असला पाहिजे. पुढे पिचब्लेंड हे खनिज तपासले, तर ते त्यातील युरेनियमच्या मानाने कितीतरी अधिक किरणोत्सारी निघाले. एखाद्याने उपकरण बिघडले म्हणून सोडून दिले असते. तिने पुन्हा पुन्हा मोजले आणि निष्कर्ष काढला की, या खनिजात कोणते तरी अज्ञात मूलद्रव्य दडलेले आहे.

१८९८ च्या जुलैमध्ये क्यूरी दांपत्याने त्यातील पहिले मूलद्रव्य जाहीर केले आणि मेरीने त्याला नाव दिले, पोलोनियम. ज्या देशाचे नाव उच्चारण्याला तीन साम्राज्यांनी अर्थ ठेवला नव्हता, ते नाव तिने मूलद्रव्यांच्या कोष्टकात कायमचे लिहून ठेवले. साम्राज्ये गेली, पोलोनियम त्या कोष्टकात आजही आहे. डिसेंबरमध्ये रेडियम जाहीर झाले. मग एका गळक्या छपराच्या शेडमध्ये, पूर्वी जेथे वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करीत त्या जागेत, काही टन खनिज ढवळून, उकळून, गाळून १९०२ साली हाती आले ते एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड. त्या कृतीचे एकस्व या दांपत्याने घेतले नाही. ज्ञान सर्वांचे, ही त्यांची भूमिका होती.

१९०३ च्या नोबेल पारितोषिकासाठी फ्रान्समधून गेलेल्या शिफारशीत नावे होती बेकरेल आणि प्येर क्यूरी यांची, मेरीचे नव्हते. स्वीडनचे गणितज्ञ मिताग-लेफ्लर यांनी प्येरना आधीच सावध केले, आणि प्येर यांनी पत्नीचा वाटा स्पष्ट शब्दांत कळवला, म्हणून तिचे नाव आले. १९०६ मध्ये प्येर रस्त्यावरील अपघातात गेले. १९११ च्या जानेवारीत फ्रेंच विज्ञान अकादमीने अगदी थोड्या मतांच्या फरकाने मेरी यांना सदस्यत्व नाकारले. त्याच वर्षाअखेर त्यांना दुसरे नोबेल मिळाले, रसायनशास्त्राचे. १९३४ मध्ये त्या गेल्या, त्या रक्ताच्या विकाराने. आयुष्यभर सोसलेल्या किरणांचे ते देणे होते. आपल्या देशात २०१४ पासून आजचा दिवस राष्ट्रीय कर्करोग जागरूकता दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्या जन्मदिनाचे स्मरण ठेवूनच.

तळघरातील प्रयोगशाळा

लीझ माइटनर व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबातल्या आठ भावंडांपैकी तिसऱ्या. मुलींचे सरकारी शिक्षण तेथे चौदाव्या वर्षी संपत असे. विद्यापीठाने मुलींना प्रवेश देण्यास आरंभ केला तो १८९७ मध्ये. तेव्हा मधल्या काळातला राहिलेला सगळा अभ्यास खासगी रीतीने भरून काढून लीझने १९०१ मध्ये प्रवेशपरीक्षा दिली, बोल्ट्झमान यांच्यासारखा गुरू लाभला आणि १९०६ मध्ये डॉक्टरेट मिळाली.

१९०७ मध्ये ती बर्लिनला गेली. ऑटो हान हे रसायनशास्त्रज्ञ किरणोत्सारावर काम करण्यासाठी जोडीदार शोधतच होते. परंतु त्या रसायन-संस्थेचे प्रमुख एमिल फिशर यांचा स्त्रियांना प्रवेश देण्यास विरोध होता. अखेर तडजोड निघाली. तळघरात सुतारकामाची एक जुनी खोली होती, तिला बाहेरून स्वतंत्र दार होते. लीझने तेथेच काम करावे, वरच्या मजल्यावर येऊ नये. संस्थेत स्त्रियांसाठी स्वच्छतागृहही नव्हते. त्यासाठी जवळच्या उपाहारगृहात जावे लागे. वेतन नव्हते. अशा स्थितीत या बाईंनी काम केले आणि १९२६ मध्ये त्या बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. पदार्थविज्ञानात त्या पदावर पोचलेली जर्मनीतील ती पहिली स्त्री.

येथे एक विलक्षण साम्य सांगण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धात मादाम क्यूरी क्ष-किरण यंत्रे बसवलेल्या मोटारी घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर जात होत्या. त्याच काळात लीझ माइटनर ऑस्ट्रियाच्या लष्करी रुग्णालयांत क्ष-किरण यंत्र चालवीत होत्या. दोन शत्रुराष्ट्रांत, एकाच तारखेला जन्मलेल्या दोन स्त्रिया, जखमी सैनिकांच्या देहातील गोळ्या शोधण्याचे एकच काम करीत होत्या.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि माइटनर यांचा शिकवण्याचा अधिकार गेला. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केल्यावर त्यांचे पारपत्रही निरर्थक झाले. जुलै महिन्यात, वयाच्या साठीला टेकलेल्या या विदुषीला दोन लहान पेट्या आणि पर्समध्ये दहा मार्क एवढ्यावर आगगाडीने सीमा ओलांडून हॉलंडमध्ये निसटावे लागले. प्रसंग पडलाच तर पहारेकऱ्यांना देता यावी, म्हणून हान यांनी आपल्या आईची हिऱ्याची अंगठी त्यांना दिली होती. हॉलंडहून त्या स्वीडनला गेल्या.

त्याच डिसेंबरात हान यांचे पत्र आले. युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला, तर त्यातून बेरियम निघते आहे, आणि याचा अर्थ लागत नाही. नाताळच्या सुट्टीत माइटनर आपला भाचा ऑटो फ्रिश याच्यासह बर्फातून फिरायला निघाल्या. वाटेत एका झाडाच्या ओंडक्यावर बसून कागदाच्या कपट्यांवर त्यांनी आकडेमोड केली. अणुकेंद्र हे पाण्याच्या थेंबासारखे मानले, तर न्यूट्रॉनाच्या धक्क्याने ते लांबट होऊन मध्ये आकसेल आणि दुभंगेल. दोन्ही तुकड्यांवर धनभार असल्याने ते प्रचंड वेगाने दूर फेकले जातील. त्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मग तुकड्यांचे वजन मोजले, तर मूळ केंद्रापेक्षा प्रोटॉनाच्या एक पंचमांशाएवढे कमी. आइन्स्टाइनच्या सूत्राने हिशेब केला आणि तो तंतोतंत जुळला! अणुविखंडनाचा अर्थ जगाला असा कळला. फेब्रुवारी १९३९ मध्ये तो 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला.

१९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मात्र एकट्या ऑटो हान यांना देण्यात आले. अणुबॉम्बच्या प्रकल्पात येण्याचे निमंत्रण माइटनर यांनी ठामपणे नाकारले होते. १९६८ मध्ये केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. आज १०९ व्या मूलद्रव्याचे नाव माइटनेरियम आहे.

पाटी वाचणारा तरुण

आता रामन. ते शाळेत शिकण्याच्या वयात पदवीधर झाले, हे तुम्ही ऐकले असेल. १९०४ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते पहिल्या क्रमांकाने बी. ए. झाले, तेव्हा सोळा वर्षेही पुरी झाली नव्हती. इंग्लंडला पाठवण्याची सूचना आली. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी सांगितले, तेथील हवा या मुलाला मानवणार नाही. ते दार बंद झाले. मग त्यांनी अर्थखात्याची परीक्षा दिली आणि १९०७ मध्ये कलकत्त्यास सरकारी अधिकारी म्हणून रुजू झाले.

एके दिवशी ट्रॅममधून जाताना बहुबाजार रस्त्यावर त्यांना एक पाटी दिसली : 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स'. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये देशबांधवांच्या देणग्यांतून ही संस्था उभी केली होती. भारतीयांनी, भारतीयांच्या पैशाने, भारतात विज्ञान करावे, हे त्यांचे स्वप्न. ते स्वप्न अपुरेच राहिले या निराशेत त्यांचा अंत झाला, आणि प्रयोगशाळा बव्हंशी रिकामी पडून होती. आता एक पोरसवदा अधिकारी दारात येऊन विचारीत होता, मी येथे काम करू का? त्याच्यासाठी दार उघडले गेले. पुढची दहा वर्षे पहाटे आणि संध्याकाळी प्रयोगशाळा, मधल्या वेळात कचेरी, असा रामन यांचा क्रम होता. १९१७ मध्ये सर आशुतोष मुखर्जींनी विद्यापीठात प्राध्यापकपद देऊ केले, तेव्हा बऱ्याच कमी वेतनावर त्यांनी ते आनंदाने घेतले.

१९२१ मध्ये विलायतेहून परतताना भूमध्य समुद्राची गडद निळाई त्यांनी पाहिली. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांनी खिशातला निकोल लोलक काढून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश गाळून टाकला, तरी निळाई गेली नाही, उलट खुलली. म्हणजे खुद्द पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात. 'नार्कुंडा' बोट मुंबई बंदरात लागली, तेव्हा याविषयीचे टिपण तयार होते. त्याच्या खाली 'मुंबई बंदर' असा पत्ता आणि २६ सप्टेंबर १९२१ ही तारीख आहे. आपल्या मुंबईचा या शोधाशी एवढा तरी ऋणानुबंध आहे! त्या वाटेने जात, के. एस. कृष्णन यांच्यासह, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना तो परिणाम दिसला. एकाच रंगाचा प्रकाश द्रवातून गेला, की त्याचा अत्यल्प अंश रेणूंशी ऊर्जेची देवघेव करून रंग बदलून बाहेर पडतो. १९३० मध्ये नोबेल मिळाले. ज्याचे सर्व शिक्षण या भूमीत झाले, अशा परतंत्र देशाच्या सुपुत्राचा तो सन्मान होता. २८ फेब्रुवारी आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.

आणि एक चौथे दार

येथे थांबलो असतो, तर भाषण गोड झाले असते. परंतु विज्ञान मंडळात अर्धे सत्य सांगू नये.

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिली आलेली एक मराठी मुलगी तेथे संशोधनासाठी अर्ज करती झाली. तिचे नाव कमला भागवत; आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, पुढे डॉ. कमला सोहोनी. वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. गुणवत्तेबद्दल प्रश्नच नव्हता. रामन यांनी अर्ज नाकारला. कारण एकच : ती मुलगी होती.

कमलाताई बंगळूरला गेल्या आणि सत्याग्रहाच्या निर्धाराने त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, तो अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचे. आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू द्यायचे नाही. वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांनी त्यांना नियमित केले आणि पुढे संस्थेचे दार मुलींना उघडले. १९३९ मध्ये कमलाताईंनी केंब्रिजची पीएच. डी. मिळवली. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेतील पोषणमूल्यांवर काम केले आणि त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. परंतु तो अपमान त्या उतारवयातही विसरल्या नव्हत्या. त्यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवला. १९४० मध्ये ॲना मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. पुढे त्यांनीच पुण्याच्या वेधशाळेत हवामानाची उपकरणे स्वदेशात घडवण्याचे काम उभे केले. उघडलेल्या दाराचे फळ देशाला मिळते ते असे.

मित्रहो, विचार करा. ज्याला स्वतःला कलकत्त्यात एक दार उघडे मिळाले, त्या थोर पुरुषाने दुसऱ्यासमोर दार लावून घेतले. आणि तेही ज्या कारणाने पॅरिसच्या अकादमीने मादाम क्यूरींना व बर्लिनच्या संस्थेने माइटनरना अडवले, त्याच कारणाने. यामुळे रामन लहान ठरत नाहीत. त्यांचा शोध तेवढाच तेजस्वी आहे, आणि आपली चूक त्यांनी कृतीने दुरुस्त केली. परंतु यातून मला एक गोष्ट कळली : दारे लावणारी माणसे दुष्टच असतात असे नाही. ती विद्वान असतात, सज्जन असतात, कधी मुलींच्या हिताच्या काळजीपोटीही ती दार लावतात.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो, तेही सांगतो. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी लोलकाचा प्रयोग पुन्हा करून पाहण्यासाठी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेची किल्ली मागण्यास आली. मी म्हणालो, "बाळ, उशीर होईल, घरचे वाट पाहतील. उद्या पाहू." त्याच आठवड्यात दोन मुलांना मी तीच किल्ली दिली होती. तो उद्या आलाच नाही. ती पुन्हा मागण्यास आली नाही. पुढे तिने वाणिज्य शाखा घेतली. माझ्या नकारामुळेच घेतली, असे म्हणणे म्हणजे स्वतःला अवास्तव महत्त्व देणे होईल. परंतु कमलाताईंची हकिकत मी प्रथम वाचली, तेव्हा मला रामन आठवण्याआधी ती किल्ली आठवली.

आजची तारीख आणखी एका कारणाने महाराष्ट्राची आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. नोंदवहीत क्रमांक १९१४ समोर ते आजही आहे : भिवा रामजी आंबेडकर. शाळेचे दार उघडले, तरी आत गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. त्या मुलाने लंडनची डी. एस्सी. मिळवली आणि देशाची राज्यघटना घडवली. म्हणून २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करते. हा वाढदिवस नव्हे. हा प्रवेशाचा दिवस आहे. जन्माची तारीख कोणाच्याच हाती नसते. प्रवेशाची तारीख मात्र माणसेच ठरवतात.

तेव्हा ज्या दोघांचा आज वाढदिवस आहे, त्यांना माझे आशीर्वाद. पण भेट मला सर्वांसाठी मागायची आहे. विद्यार्थ्यांनो, दार बंद दिसले तर कमलाताईंसारखे उभे राहा. आणि शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली कोणाच्या खिशात असते आणि ती कोणाला मिळत नाही, एवढे आज घरी जाण्यापूर्वी एकदा पाहून घ्या. मी ते वेळेवर पाहिले नाही.